गप्प राहिलेला खेळाडू: संदेशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाचं परीक्षण



पेटची तयारी करणाऱ्या एका वाचकाने मागच्या महिन्यात त्याच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला पाठवला. पद्धतीच्या भागात एक ओळ होती: 'सहभागींना व्हॉट्सअ‍ॅपवर भूमिका देऊन खेळ घेण्यात येईल व त्यांचे निर्णय नोंदवण्यात येतील.' वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला, कारण जवळपास हीच ओळ मी स्वतः लिहिली होती. ती किती महाग पडते ते मला माहीत आहे. म्हणून आज एखाद्या पेपरचं नेहमीसारखं सोपं स्पष्टीकरण न देता माझ्याच एका फसलेल्या खेळाचं परीक्षण करतो. त्या निमित्ताने या खेळांबद्दल जे सल्ले दिले जातात आणि जे अभ्यास झालेत, त्यांचंही.

आधी खेळ म्हणजे काय ते थोडक्यात. एक सूत्रधार असतो. तो प्रसंग लिहून टाकतो. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं, आणि आपलं पात्र आता काय करतंय, काय बोलतंय, हे तो खेळाडू लिहून पाठवतो. सगळ्यांचं आलं की सूत्रधार परिणाम लिहितो आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तो टेबलाभोवती बसून खेळायचा. संदेशांवरच्या खेळात टेबल नसतं. कुणी सकाळी लिहितो, कुणी रात्री, कुणी परवा. टेबलावर तासाभरात उरकणाऱ्या प्रसंगाला इथे आठवडा लागतो.

आपल्याकडे याच्या जवळचं काय आहे? मायबोलीच्या गणेशोत्सवातला एसटीवाय बऱ्याच जणांना आठवत असेल. संयोजक कथेची सुरुवात देतात आणि लोक पुढचे तुकडे जोडत जातात. पण तिथे पात्र कुणाच्या मालकीचं नसतं. तुम्ही आला नाहीत तर दुसरा कुणीतरी कथा पुढे ढकलतो आणि तुमच्या नसण्याने काही अडत नाही. कोकणातल्या दशावतारात पात्र ज्याचं त्याचं असतं आणि संवाद लिहिलेले नसतात, पण समोरचा अडखळला तर दुसरा नट तिथल्या तिथे सावरून घेतो. संदेशांवरच्या खेळात पात्र तुमचं एकट्याचं असतं आणि सावरून घ्यायला समोर कुणी नसतं. सगळी अडचण तिथून सुरू होते. गप्प राहिलेल्या खेळाडूचं करायचं काय?

माझा खेळ २०२० चा. एम.एस्सी. संपवून मी लॉकडाऊनमध्ये पालीला घरी होतो. पाली म्हणजे बीडजवळचं, बिंदुसरा प्रकल्पाच्या काठचं गाव. पाऊस चांगला झाला की सांडव्यावरून पाणी पडतं आणि ते बघायला बीडहून लोक येतात. पाऊस नाही झाला की त्याच पाण्यावरून बोलाचाली होते. त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. एक काल्पनिक गाव घेतलं, त्याला एक तलाव दिला आणि सात भूमिका ठरवल्या: सरपंच, पाटकरी, दोन ऊसवाले, एक मोसंबीवाला, एक टँकरवाला आणि एक विहिरीची मालकीण. एक फेरी म्हणजे पाण्याचं एक आवर्तन. प्रत्येकाने किती पाणी घ्यायचं, कुणाला द्यायचं, कुणाशी काय ठरवायचं, ते पात्राच्या तोंडून लिहायचं. खेळाडू सगळे ओळखीतले, कॉलेजचे मित्र आणि एक चुलत बहीण. विहिरीची मालकीण तिच्याकडे होती.

गणपती उठल्यावर सुरुवात झाली. पहिली दोन आवर्तनं अशी रंगली की मी मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. टँकरवाल्याने सरपंचाला घातलेली गळ तर इतकी खरी वाटली की ग्रुपमधल्या एकाने त्याला फोन करून विचारलं, 'तुमचा खरंच टँकर आहे का रे?' तिसऱ्या आवर्तनापासून उत्तरं यायला उशीर होऊ लागला. चौथ्यात तिघे गप्प. दिवाळीच्या आत खेळ बंद पडला. शेवटचे चार संदेश माझेच आहेत, 'कुणी आहे का?' या अर्थाचे.

आता सल्ल्यांकडे येऊ. असे खेळ सुरळीत कसे चालवावेत यावर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं आहे, आणि मी ते सगळं आधीच वाचून काढलं होतं. त्याचं सार असं: दिवसातून एकदा तरी लिहिण्याचा नियम करा. कुणी ठरलेल्या वेळेत लिहिलं नाही तर त्याचं पात्र सूत्रधाराने चालवावं आणि खेळ थांबू देऊ नये. खेळाच्या आतलं बोलणं आणि बाहेरच्या गप्पा वेगळ्या ठेवा. खेळाडू थंडावले तर प्रसंग जास्त उत्कंठावर्धक करा. यातला तिसरा सल्ला चोख आहे, त्यावर वाद नाही. दोन वेगळे ग्रुप नसतील तर 'मी पाणी सोडत नाही' हे पाटकरी म्हणतोय की मित्र चिडलाय, तेच कळत नाही. बाकीचे तीन मी जसेच्या तसे वापरले आणि तिन्हींनी घात केला.

सगळ्यात वाईट ठरला दुसरा. चौथ्या आवर्तनात बहिणीचं उत्तर दोन दिवस आलं नाही. खेळ थांबू नये म्हणून तिचं पात्र मी चालवलं. विहिरीचं पाणी टँकरवाल्याला विकलं, भावही बरा मिळवून दिला. मला वाटलं, तिचा फायदाच केला. चार दिवसांनी तिचा संदेश आला: 'दादा, माझ्या विहिरीचं पाणी मी कधी इकलं?' मी लिहिलं, 'तू नव्हतीस ना, म्हणून मी खेळलो तुझ्याकडून.' त्यावर काही आलं नाही. त्या खेळात तिने पुन्हा एकही ओळ लिहिली नाही.

त्या वेळी मला यात काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करतो. मी अहवालात लिहिलं, 'चौथ्या फेरीनंतर सहभागींचा रस कमी झाला.' पुढे ही टिपणं पायलट म्हणून जोडून मी सिनॉप्सिस केला आणि समितीपुढे गेलो. एका सदस्यांनी एवढंच विचारलं, 'गप्प बसले ते कोण कोण?' मला उत्तर देता आलं नाही. नावं माहीत होती, पण त्यांच्याबद्दल माझ्या कागदावर काहीच नव्हतं. 'रस कमी झाला' हे निरीक्षण नव्हतंच. तो माझा अंदाज होता आणि मी तो निष्कर्षाच्या रकान्यात लिहिला होता.

घरी येऊन एकेकाला विचारलं. बहीण म्हणाली, 'फोन भाऊकडं असतो. मला सकाळी सैपाक झाल्यावर भेटतो, तास-दीड तास. तुमचे मेसेज रातचे यायचे, तेवर दोनशे पडलेले असायचे. वरून तो वाचायचा आधी. त्याच्यासमोर मी काय सरपंचाशी भांडू?' एका ऊसवाल्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. कॉलेज बंदच होतं, म्हणून दसऱ्यानंतर तोही टोळीबरोबर गेला होता. खेळातला बागायतदार खऱ्या उसाच्या फडात होता, आणि मी त्याला ग्रुपवर 'ॲक्टिव्ह राहा' म्हणत होतो. पाटकऱ्याच्या घरी त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, तो मोटार चालू करायला रानात असायचा. आणि मोसंबीवाला? त्याने खरं सांगितलं. तिसऱ्या आवर्तनात त्याने ऊसवाल्याला पाणी द्यायचा शब्द दिला होता, तो पाळायचा नव्हता आणि तसं तोंडावर लिहायची लाज वाटत होती. म्हणून तो गप्प बसला.

चौघे गप्प राहिले, आणि चौघांच्या गप्प राहण्याचा अर्थ वेगळा होता. माझ्या टिपणात मात्र चारही ठिकाणी सारखीच रिकामी चौकट.

इथे संख्याशास्त्रातली एक चौकट उपयोगी पडते. नेट-सेटला ती कदाचित एका गुणाला येईल, पण संशोधनात रोज लागते. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये 'गळालेल्या डेटा'वर एक पेपर लिहिला. माहिती गळते तेव्हा ती का गळली यावर तिचं काय करायचं ते ठरतं, हा त्याचा गाभा. आज ते तीन प्रकारांत शिकवतात. पहिला, निव्वळ योगायोग: टॉवर बंद पडला आणि कुणाचेच संदेश पोहोचले नाहीत. दुसरा, तुमच्या नोंदीत असलेल्या एखाद्या गोष्टीमुळे गळालेली माहिती: ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांची उत्तरं कमी येतात, आणि फोन कुणाचा हे तुम्ही लिहून ठेवलेलं असतं. तिसरा सगळ्यात अवघड. जी गोष्ट मोजायची तीच गळण्याचं कारण असते. मोसंबीवाला हा तिसरा प्रकार. मला मोजायचं होतं की लोक पाण्याचा शब्द पाळतात का, आणि शब्द मोडणारा नेमका मोडायच्या क्षणीच गप्प झाला. उरलेल्यांच्या उत्तरांवरून मी 'सहकार्याचं प्रमाण चांगलं' असं लिहिलं असतं तर ते साफ खोटं ठरलं असतं. बहीण दुसऱ्या प्रकारात बसली असती. पण फोन कुणाचा ही नोंद मी केलीच नव्हती, त्यामुळे माझ्या तक्त्यात तीही तिसऱ्यातच जमा. दुसरा प्रकार निसर्गतः मिळत नाही, आधी वही नीट ठेवावी लागते, हे पुस्तकात वाचून मला कधी कळलं नव्हतं.

आता या खेळांवरचं एक जुनं, नावाजलेलं पुस्तक घेऊ. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांचं 'शेअर्ड फँटसी', १९८३. ते स्वतः अमेरिकेतल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात खेळाडूंबरोबर बसून खेळले आणि त्यावर लिहिलं. (त्यांनी पाहिलेल्या खेळांपैकी एकाचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे उर्दूचे अभ्यासक होते, उर्दू शिकवण्याचं पाठ्यपुस्तकही त्यांचं आहे. विषयांतर झालं, पण मला ही गंमत आवडते.) गॉफमन यांच्या चौकटींच्या कल्पनेवरून फाइन म्हणतात की खेळणारा एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो: माणूस, खेळाडू आणि पात्र. माणसाला भूक लागते, खेळाडू नियम मोजतो, पात्र तलवार उपसतं. पुस्तक वाचावं असंच आहे, आणि ही मांडणी आजही टिकते.

पण ती टेबलावर तयार झालीय. टेबलावर माणूस डोळ्यांसमोर असतो. तो जांभई देतो, घड्याळ बघतो, बायकोचा फोन घेतो. पहिली पातळी संशोधकाला फुकटात दिसते. संदेशांवरच्या खेळात उलटं होतं. पात्र भरभरून दिसतं, खेळाडू थोडाफार, आणि माणूस अजिबात दिसत नाही. फाइन यांची चौकट फोनवरच्या खेळाला जशीच्या तशी लावणारे पेपर वाचाल तेव्हा एवढं तपासा: माणसाच्या पातळीची माहिती त्यांनी आणली कुठून? निव्वळ संदेश वाचून काढली असेल तर ती बहुतेक लेखकाची कल्पना असते, माझ्या 'रस कमी झाला'सारखी.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचं. आंध्र प्रदेशात भूजलावर खेळ घेतले गेले, त्यावरचा पेपर 'इकॉलॉजी अँड सोसायटी'मध्ये २०१६ साली आला. लेखकांत रूथ माइन्झेन-डिक, मार्को जॅन्सन आणि नागपूरच्या रुचा घाटे आहेत. गावकऱ्यांना दोन पिकांतून निवड करायची असते, एक कमी पाण्याचं आणि कमी पैशाचं, दुसरं जास्त पाण्याचं आणि जास्त पैशाचं. सगळ्यांचं पाणी एकाच भूजलातून जातं. आधीच्या फेऱ्यांत आपसात बोलायचं नाही, नंतरच्या फेऱ्यांत बोलायला मुभा. बायकांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे. २०१८ मध्ये 'वर्ल्ड डेव्हलपमेंट'मध्ये आलेल्या पुढच्या पेपरात असं दिसलं की जिथे हा उपक्रम झाला त्या गावांनी पाण्याच्या नोंदवह्या आणि भूजलाचे नियम करण्याची शक्यता वाढली.

मी माझा खेळ याच अभ्यासाची 'ऑनलाइन आवृत्ती' म्हणून मांडला होता. ते चुकलं. त्या अभ्यासात सगळे एका जागी, एका बैठकीत असतात. गप्प बसणाराही समोर असतो, आणि त्याचं गप्प बसणं पूर्ण गटाला दिसतं. बायकांना वेगळं बसवल्याने भावासमोर बोलायची अडचण येत नाही. या दोन्ही गोष्टी पेपरात पद्धतीच्या तपशिलात जातात, आपण त्या घाईने वाचतो, आणि खेळ फोनवर नेला की नेमक्या त्याच हातातून सुटतात. माझी या पेपरबद्दल एकच तक्रार आहे, आणि ती खरं तर आपल्यासारख्या नक्कल करणाऱ्यांबद्दल जास्त आहे: आपण खेळाचे नियम उचलतो आणि सतरंजी मागे ठेवतो.

मग फोनवर असा खेळ चालवूच नये का? तसं मला वाटत नाही. पण गप्प राहण्याचा विचार ज्यांनी खरोखर केला ते रोल-प्लेवाले नव्हते, टपालाने खेळणारे होते. ॲलन कॅलहॅमर यांचा 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ १९५९ मध्ये बाजारात आला. त्यात सगळे आपापले हुकूम लपवून लिहितात आणि ते एकदम उघडले जातात. १९६३ पासून तो टपालाने खेळला जाऊ लागला. टपाल न आलेल्या खेळाडूसाठी तिथे एक ठरलेली संज्ञाच रुळली, 'चाली मिळाल्या नाहीत' या अर्थाची. त्याच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहतात, कुणी त्याच्या वतीने लढत नाही. सूत्रधाराने माझ्यासारखं दुसऱ्याचं पाणी विकायचा प्रश्नच येत नाही. अर्थात पाण्याच्या खेळात जागच्या जागी उभं राहणंही फुकट नसतं, आवर्तन निघून जातं आणि पीक वाळतं. पण ते निदान सगळ्यांना आधी माहीत असतं.

टपाली बुद्धिबळाची एक गोष्ट मला त्याहून आवडली. पत्र वाटेत असलेले दिवस खेळाडूच्या खात्यावर धरत नाहीत. पत्र हातात पडल्यापासून उत्तर टाकेपर्यंतचे दिवसच मोजतात. किती साधं आणि किती न्यायाचं! 'चोवीस तासांत लिहा' हा नियम स्वतःचा फोन उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाने केलेला आहे.

दुसरा खेळ मी २०२२ मध्ये घेतला. त्यात घड्याळ फोन हातात आल्यापासून धरलं. निळ्या टिकेवर भरवसा ठेवला नाही, कारण ती भावानेही झालेली असू शकते. प्रत्येकाने आधीच सांगायचं की आठवड्यात फोन त्याच्याकडे कधी असतो, आणि सगळ्यांच्या वेळा मिळून आवर्तन रविवारी दुपारी मिटायचं. प्रत्येकाने एक निरोप माझ्याकडे ठेवायचा: 'मी लिहिलं नाही तर माझं पात्र असं करेल.' मी त्या निरोपापलीकडे एक शब्द लिहायचा नाही. सोबत एक वही. त्यात आवर्तन, कुणाचं उत्तर कधी आलं, नाही आलं तर नंतर विचारल्यावर सांगितलेलं कारण, आणि ते कारण मी ऐकलं की गृहीत धरलं. शेवटचा रकाना भरताना सुरुवातीला फार लाज वाटायची. संमतीपत्रात संदेश डेटा म्हणून वापरणार हे स्पष्ट लिहिलं होतं, तेही पहिल्या वेळी राहिलं होतं.

हा खेळ ठरल्याप्रमाणे बारा आवर्तनं चालला. एकदाही अडला नाही. आणि वाचायला बसलो तर पहिल्याच्या निम्म्यानेही जिवंत नव्हता. सहाव्या-सातव्या आवर्तनापासून बरेच जण नुसते निरोप ठेवू लागले, अर्ज भरल्यासारखे. 'पाणी दोन भाग. विक्री नाही.' भांडण नाही, गळ घालणं नाही, शब्द देणं नाही आणि मोडणंही नाही. निरोपाची सोय केल्यावर बोलायची गरजच उरली नाही. आंध्रातल्या खेळात आपसातल्या बोलण्यासाठी वेगळ्या फेऱ्या ठेवल्या होत्या, आणि माझ्या खेळाच्या सुरळीतपणाने तेच खाऊन टाकलं. सध्या तिसऱ्या आराखड्यात निरोप फक्त तीन आवर्तनांपुरता ठेवता येईल असं केलंय, आणि रविवारी सकाळी अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बोलायचं. त्या अर्ध्या तासाला बहिणीकडे फोन असेल याची खात्री आधी करून घेतली.

ती या वेळी विहिरीची मालकीण व्हायला तयार नाही. पाटकरी दे म्हणाली.

ज्याने मसुदा पाठवला त्याला मी एवढंच कळवलंय की 'निर्णय नोंदवण्यात येतील' या ओळीनंतर आणखी एक परिच्छेद लागेल: फोन कोणाचा, कोणत्या वेळी हातात, उत्तर न आल्यास पात्राचं काय होणार, आणि ते कोण ठरवणार. त्याचा सुधारलेला मसुदा अजून आलेला नाही. का आला नाही, ते यावेळी विचारून घेतो.